बाळ कुणावर जाईल?

घरात सुनेला दिवस गेले की थोड्याच दिवसांत एक चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, नाक आमच्याकडचे येणार. माहेरची माणसे म्हणतात, रंग आईचा घेईल. शेजारीण पोटाचा आकार पाहून मुलगा की मुलगी ते सांगून मोकळी होते. अलीकडे तर आईबापांचे फोटो घालून बाळाचा चेहरा दाखविणारी साधने मोबाईलवर आली आहेत. ही गंमत गमतीपुरती राहिली तर कुणाचे काही बिघडत नाही.

परंतु याच गप्पांतून काही गोष्टी अशा घडतात की त्यांना गंमत म्हणता येत नाही. बाळ काळे होईल या भीतीने कुणी रक्तवाढीच्या गोळ्या गुपचूप फेकून देते. ग्रहण आहे म्हणून गरोदर बाई दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. मूल बापासारखे दिसले नाही, किंवा मुलगीच झाली, तर दोष सुनेच्या माथी मारला जातो. सबब न जन्मलेल्या बाळाचे रंगरूप आधी सांगता येते काय, आणि येत असेल तर किती, हे आपण नीट समजून घेऊ. आपण शेतकरी माणसे. बी, वासरू आणि मूल यांच्या मागचा नियम एकच असल्यामुळे हा विषय आपल्याला अवघड जाऊ नये.

वाटाण्याने दिलेला धडा

हा नियम प्रथम ज्यांना उमगला ते आपल्याच चर्चचे एक धर्मगुरू होते. फादर ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ साली आजच्या चेक देशातील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते ऑगस्टिनियन संघात गेले आणि ब्र्नो शहरातील मठाच्या बागेत त्यांनी आठ वर्षे वाटाणा लावून पाहिला. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे कुणालाही वाटले असते. पण तेच गोल दाणे पेरून त्यांच्या शेंगा मोजल्या तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक हे प्रमाण.

याचा अर्थ असा की प्रत्येक गुणाची दोन बीजे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेले. त्यांना आज आपण जनुके म्हणतो. दोहोंपैकी एक प्रभावी असले तर तेच बाहेर दिसते. दुसरे सुप्त राहते, पण मरत नाही. पुढच्या पिढीत दोन सुप्त जनुके एकत्र आली की लपलेला गुण पुन्हा दिसू लागतो. मेंडेल यांनी हे १८६५ साली वाचून दाखविले आणि १८६६ साली छापले, पण त्याचे मोल फारसे कुणाला कळले नाही. ते १८८४ साली वारले. १९०० साली तीन निरनिराळ्या शास्त्रज्ञांना तेच नियम पुन्हा सापडले, तेव्हा कुठे जगाला मेंडेल यांची आठवण झाली.

आपल्या गोठ्यात आणि शेतात हेच घडते. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन वळूचे रेत आपल्या गायीला दिले तर कालवड बहुधा काळसर निघते, कारण काळा रंग तांबड्यावर प्रभावी आहे. आणि कधी कधी काळ्या-पांढऱ्या गायीला काळ्या-पांढऱ्याच वळूपासून तांबडे-पांढरे वासरू होते. तेव्हा रेत बदलले म्हणून डॉक्टरशी भांडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की दोघांच्याही पोटी तांबडे जनुक सुप्त असू शकते. संकरित मक्याचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर ताटे लहानमोठी, कणसे वेडीवाकडी येतात, तेही याच कारणाने. पहिल्या पिढीत झाकलेले गुण दुसऱ्या पिढीत वेगवेगळे होऊन बाहेर पडतात.

माणसाच्या घरातही नातवाला पणजोबांचे घारे डोळे येतात आणि सगळे चकित होतात. आईबापाचे डोळे काळे असताना हे कसे, असा प्रश्न पडतो. ते जनुक दोन पिढ्या गप्प बसले होते, इतकेच.

पत्ते पिसल्यावर हाती काय येईल?

मग आईबाप पाहून बाळाचे रूप का सांगता येत नाही? कारण गुण एक नव्हे, हजारो आहेत, आणि प्रत्येक बाळासाठी पत्ते नव्याने पिसले जातात. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील कोणते तरी एक बीजात उतरते. तेवढ्यावरूनच एका माणसाकडून ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारची बीजे तयार होऊ शकतात. आईची तितकी आणि बापाची तितकी धरली तर एका जोडप्याला होऊ शकणाऱ्या निरनिराळ्या बाळांची संख्या सुमारे ७० लाख कोटी होते. शिवाय बीज तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपापले तुकडे एकमेकांत बदलतात, त्यामुळे खरी संख्या याहून कितीतरी मोठी आहे. सख्खी भावंडे एका चेहऱ्याची नसतात याचे कारण हेच. एकाच बीजापासून झालेली जुळी तेवढी सारखी दिसतात, आणि त्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात.

दुसरी अडचण अशी की बहुतेक गुण वाटाण्याच्या दाण्यासारखे एकाच जनुकाच्या हाती नाहीत. गाय किती दूध देईल हे जसे अनेक जनुकांवर आणि वैरणीवर ठरते, तसेच उंचीचे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५० लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा उंचीशी संबंध असलेल्या सुमारे १२ हजार लहान लहान खुणा आढळल्या. इतक्या खुणांचा हिशेब करून एका बाळाची उंची नेमकी कोण सांगणार?

तरी ढोबळ अंदाज घेण्याची एक रीत बालरोगतज्ज्ञ वापरतात. आई आणि बाप यांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करावी. मुलगा असेल तर तीत १३ मिळवावे, मुलगी असेल तर १३ वजा करावे, आणि आलेल्या आकड्याची निमपट करावी. बाप १६८ आणि आई १५४ सेंटिमीटर असतील तर मुलाचा अंदाज १६७.५ आणि मुलीचा १५४.५ येतो. यात आठ-साडेआठ सेंटिमीटर कमी-अधिक होऊ शकते, आणि लहानपणी खाण्यापिण्याची आबाळ किंवा वारंवार आजारपण झाले तर मूल त्या अंदाजापर्यंत पोहोचतही नाही.

कातडीचा रंगही अनेक जनुके मिळून ठरवितात. कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते किती आणि कसे तयार व्हावे हे ती जनुके सांगतात. त्यांपैकी एक महत्त्वाचे जनुक २००५ साली एका लहान पट्टेदार माशाच्या अभ्यासातून सापडले. निरनिराळ्या जनुकांचा हा मेळ असल्यामुळे सावळ्या आईबापांना गोरे मूल आणि गोऱ्या आईबापांना सावळे मूल होऊ शकते. दोन्हींत नवल नाही आणि दोष तर मुळीच नाही. उलट हे रंगद्रव्य उन्हाच्या घातक किरणांपासून कातडीचे रक्षण करते. दिवसभर रानात राबणाऱ्यास त्याचा उपकारच आहे.

याकोबाच्या काठ्या

गरोदरपणी आई जे पाहील तसे बाळ होते, ही समजूत फार जुनी आहे. म्हणून काही घरांत खोलीत गोंडस बाळाचे चित्र लावतात. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातील याकोबाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मामा लाबान याच्या कळपातील ठिपकेदार व पट्टेदार जनावरे आपली मजुरी म्हणून मिळावीत असा करार त्याने केला. लाबानाने तशी जनावरे आधीच दूर नेली. तेव्हा याकोबाने ओल्या काठ्या सोलून त्यांवर पांढरे पट्टे काढले आणि कळप पाणी प्यायला येई त्या जागी त्या ठेवल्या. पुढे पट्टेदार करडे-कोकरे झाली.

वाचणाऱ्यास वाटते, काठ्यांनी काम केले. पण पुढचाच अध्याय वाचावा. तेथे याकोब आपल्या बायकांना सांगतो की त्याने स्वप्नात पाहिले, माद्यांवर चढणारे नरच पट्टेदार आणि ठिपकेदार होते, आणि हे देवाने घडविले. काठ्यांचा तेथे उल्लेखही नाही. पैदाशीच्या आजच्या ज्ञानाने पाहिले तरी एकरंगी दिसणाऱ्या जनावरांच्या पोटी सुप्त राहिलेला ठिपकेदार रंग पुढच्या पिढीत उमटणे ही नित्याची गोष्ट आहे. मेंढपाळास विचारा, पांढऱ्या नर-मादीपासून काळे कोकरू झालेले त्याने पाहिले असेल. डोळ्यांनी पाहिलेले चित्र गर्भापर्यंत जाण्यास वाट नाही. आईचे मन प्रसन्न असावे हे खरे, त्याने तिची झोप, भूक आणि प्रकृती चांगली राहते. चित्र आवडत असेल तर जरूर लावावे, मात्र बाळाचे नाक त्यावर ठरत नाही.

काही समजुती तपासून पाहू

रक्तवाढीच्या गोळ्या: लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते ही समजूत सर्वांत घातक आहे. गोळी घेतल्यावर शौचास काळपट होते, तेवढ्यावरून ही भीती पसरत असावी. तो रंग न पचलेल्या लोहाचा असतो. लोह आईच्या रक्तात जाते, बाळाच्या कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. गोळी न घेतल्यास आईचे रक्त कमी राहते, बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईच्या जिवावर बेतते. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस पुरतील अशा गोळ्या फुकट मिळतात. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. सोबत लिंबाचे पाणी किंवा आवळा चांगला. चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

केशर आणि जांभूळ: केशर घातलेल्या दुधाने बाळ गोरे होत नाही, आणि जांभूळ किंवा करवंद खाल्ल्याने काळे होत नाही. त्या दुधातले जे काही पोषण आहे ते दुधाचे आहे. केशरावर पैसे घालविण्यापेक्षा अंडी, डाळी, हिरवी भाजी, नाचणी आणि मासळी यांवर घालवावे.

ग्रहण: ग्रहणात विळी-सुरी धरली म्हणजे बाळाचा ओठ फाटतो असे म्हणतात. वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळून येतो, म्हणजे पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे जेमतेम कळते त्या सुमारास. नंतरच्या महिन्यांत आलेले ग्रहण त्याला काय करणार? ओठ किंवा टाळू दुभंगण्यामागे आनुवंशिकता, तंबाखू, मधुमेह, फेफऱ्यावरील काही औषधे अशी कारणे असतात, आणि पुष्कळदा एकच असे कारण सापडत नाही. जगात सुमारे सातशे बाळांत एकास हा दोष असतो. अशा बाळास ओढून पिता येत नसेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे आणि लवकर डॉक्टरांस दाखवावे. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास होते आणि मूल छान दिसू-बोलू लागते. फेफऱ्याची औषधे मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत, त्याने आईला झटके येतील. दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आणि ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला उपाशी-तहानलेली ठेवणे हे नुकसानीचे आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, हा नियम सर्वांनाच लागू आहे.

पोटाचा आकार: पोट पुढे आले म्हणजे मुलगा, पसरले म्हणजे मुलगी, यात तथ्य नाही. पोटाचा आकार आईचा बांधा, पोटाचे स्नायू, कितवी खेप आणि बाळ कसे आडवे-उभे आहे यांवर असतो. बाळाच्या हृदयाचे ठोके मोजूनही मुलगा-मुलगी कळत नाही.

मुलगा की मुलगी, हे कोण ठरवितो?

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. आईकडून नेहमी एक्सच येते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी १९०५ साली एका किड्याचा अभ्यास करून हे दाखवून दिले. म्हणजे या बाबतीत कुणाकडे बोट दाखवायचेच असेल तर ते बापाकडे जाईल, आणि त्याच्याही हाती काही नाही. तीन मुली झालेल्या सुनेला टाकून बोलणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

गर्भाचे लिंग तपासून सांगण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने प्रथम १९८८ साली केला. पुढे १९९४ साली सर्व देशासाठी कायदा झाला, तो १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. विचारणाऱ्यास आणि सांगणाऱ्यास दोघांसही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरोदर बाईस मात्र नवऱ्याने वा नातेवाइकांनी भाग पाडले असावे असे कायदा धरून चालतो. बेटी नको म्हणून गर्भ पाडणे हे कायद्याने गुन्हा आणि आपल्या श्रद्धेने पाप आहे, हे निराळे सांगावयास नको.

“हे मूल बापासारखे दिसत नाही!”

या एका वाक्याने किती संसारांत विष कालविले आहे! वरील विवेचनावरून कळलेच असेल की मूल बापासारखे न दिसणे हा कशाचाही पुरावा नव्हे. पुष्कळदा रक्तगटाचा दाखला पुढे केला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. बापाचा गट ओ आणि आईचा एबी असेल तर मुलांचा गट साधारणपणे ए किंवा बी येतो. म्हणजे मुलाचा गट आईशीही जुळत नाही आणि बापाशीही नाही, तरी मूल दोघांचेच असते.

दोघांचा गट ओ असेल तर मूल ओ गटाचेच व्हावे असा नियम आहे, पण त्यालाही अपवाद आहे आणि तो आपल्याच मुलखात सापडला. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक निराळाच रक्तगट आढळला. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. हे लोक थोडेच असतात. त्यांचे रक्त साध्या तपासणीत ओ दिसते, पण त्यांच्या पोटी ए किंवा बी गटाचे जनुक लपलेले असू शकते. अशा आईला ओ गटाच्या बापापासून बी गटाचे मूल होऊ शकते. अशा माणसास साधे ओ रक्त दिले तर जिवास धोका होतो, म्हणून ही माहिती असणे जरुरीचे आहे. एका कागदावरून बाईच्या शीलावर शिंतोडे उडविण्यापूर्वी माणसाने शंभरदा विचार करावा.

सोनोग्राफीत काय दिसते?

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरींनी चित्र उमटते. नव्या यंत्रांत सातव्या महिन्याच्या आसपास बाळाचा चेहरा बराचसा दिसतो. त्या चित्राला जी सोनेरी छटा असते ती यंत्राने दिलेली असते, त्यावरून बाळाचा वर्ण कळत नाही. मोबाईलवरचे चेहरे तर निव्वळ दोन फोटोंची सरमिसळ होय. ते साधन आईबापांची जनुके पाहत नाही, मग सुप्त गुण त्याला कुठून कळणार?

सोनोग्राफीचा खरा उपयोग वेगळा आहे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास केलेल्या तपासणीत बाळाचा मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडे यांची वाढ पाहतात. दोष असल्यास कोणत्या इस्पितळात बाळंतपण करावे हे आधी ठरविता येते. तेव्हा ही तपासणी चुकवू नये.

जे आधी सांगता येते आणि सांगावयास हवे

रूप सांगता येत नसले तरी काही रोगांचा धोका मात्र आधी सांगता येतो, कारण ते वाटाण्याच्या दाण्याप्रमाणे एकाच जनुकाच्या हाती असतात. थॅलसेमिया आणि सिकलसेल ही दोन उदाहरणे होत. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही अंगी एकेक सदोष जनुक सुप्त असले, तर ते स्वतः धडधाकट असतात. पण त्यांच्या प्रत्येक बाळाला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. येथे लोकांचा एक गैरसमज होतो. पहिले मूल रोगी झाले, आता पुढची तीन चांगली निघणार, असा हिशेब करू नये. प्रत्येक खेपेस पत्ते नव्याने पिसले जातात आणि संभव तोच, चारांत एक, राहतो.

साध्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. लग्न ठरविताना पत्रिका पाहण्याची आपली रीत नाही, पण ही रक्ताची पत्रिका अवश्य पाहावी. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी भारत सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे आणि तीत आदिवासी भागांत तपासणी करतात.

आमच्या सीमाभागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे, काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न होते. नात्यात लग्न झाले म्हणजे एकच सुप्त दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. साधारणपणे शंभर बाळांत दोन-तीन बाळांना गंभीर जन्मदोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. चर्चच्या १९८३ च्या नियमसंहितेप्रमाणे अशी लग्ने खास सवलतीवाचून वैध होत नाहीत, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यास आरोग्याचीही बाजू आहे हे लक्षात यावे. एकाच वळूचे रेत त्याच्याच कालवडीला देऊ नये हे आपण जाणतो. ज्यांचे असे लग्न झाले आहे त्यांनी घाबरू नये, बहुतेक मुले निरोगीच होतात. मात्र दिवस जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चेहरा आणि प्रकृती खरोखर कशाने बिघडते?

दारू: आईने गरोदरपणी दारू प्यायल्यास बाळाच्या चेहऱ्यावर ठसा उमटू शकतो. डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची पन्हळ सपाट अशी ही लक्षणे १९७३ साली अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी वर्णन केली. त्याहून मोठे नुकसान मेंदूचे होते आणि ते भरून येत नाही. थोडी चालते असे प्रमाण कुणी ठरविलेले नाही. सणासमारंभातला घोटही टाळावा.

तंबाखू व मिश्री: मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरीने सुमारे १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली. निपाणीकडे तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे की ओल्या पानांतील विष कातडीतूनही अंगात जाते. गरोदरपणी ते काम आणि कीटकनाशकाची फवारणी दोन्ही दुसऱ्या कुणाकडे सोपवावीत.

फोलिक ॲसिडची कमतरता: बाळाचा मणका आणि मेंदूचे आवरण पहिल्या २८ दिवसांतच मिटते. म्हणून ही गोळी दिवस जाण्यापूर्वी एक-दोन महिने सुरू करावी.

रुबेला: हा साधा गोवरासारखा ताप गरोदरपणाच्या सुरुवातीस आला तर बाळास मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतो. मुलींना लहानपणीच गोवर-रुबेलाची लस द्यावी. गरोदरपणी ही लस देत नाहीत.

जन्मल्यावर पहिले काही दिवस

जन्मतः बाळाचे डोके लांबट, नाक दबलेले आणि कातडी लालसर असते. ते जन्मवाटेतून येताना दाबले गेलेले असते, थोड्या दिवसांत आकार येतो. खरा वर्ण स्थिर होण्यास काही महिने लागतात. पाठीवर किंवा कुल्ल्यावर निळसर डाग असले तर ते मारल्याचे किंवा नजरेचे नव्हेत, आपल्याकडील पुष्कळ बाळांना असतात आणि बहुधा काही वर्षांत पुसट होतात. बाळ गोरे व्हावे म्हणून बेसन-हळदीने खरखरीत घासणे, मलमे लावणे हे नाजूक कातडीस अपायकारक आहे.

एक रंग मात्र ओळखावा, तो पिवळा. काविळीचा पिवळेपणा हा गोरेपणा नव्हे. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तो हातापायांच्या तळव्यांपर्यंत आला, किंवा बाळ पिईनासे व सुस्त झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तेव्हा वाचकहो, बाळ कुणावर जाईल या प्रश्नाचे उत्तर असे: थोडे आईवर, थोडे बापावर, आणि थोडे अशा पूर्वजांवर ज्यांचा फोटोही आपल्या घरात नाही. नेमके कसे ते जन्मेपर्यंत कळणार नाही. आईला सकस अन्न, गोळ्या, विश्रांती आणि वेळेवर तपासणी देणे एवढे मात्र आपल्या हाती आहे. घरातील सासूबाई आणि नवरोजी यांनी हे पान वाचून सुनेस वाचावयास द्यावे, आणि आज तिने गोळी घेतली की नाही ते विचारावे.